दारूची वेळ अन् खंजिरीची वेळ

देवळी : दिवस मावळला, गुरं गोठ्यात गेली, की आपल्या तालुक्यातल्या गावागावात दोन वाटा फुटतात. एक वाट नाल्याच्या काठानं अंधारात जाते. ती कुठं जाते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसरी वाट देवळाच्या नाहीतर प्रार्थना मंदिराच्या ओट्याकडं जाते. तिथं सतरंजी असते, कोपऱ्यात हार्मोनियम असतो आणि खुंटीला खंजिरी टांगलेली असते. पहिल्या वाटेवर रोज वर्दळ. दुसरीवर कुठं रोज, कुठं गुरुवारी, तर कुठं फक्त पुण्यतिथीला.

वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून ती झाली, आणि ती झाली हे चांगलंच झालं. पण बंदीला पन्नास वर्षं उलटली तरी पोलिसांच्या धाडीत मोहाचा सडवा अन् हातभट्टीचे ड्रम सापडायचे थांबले नाहीत. देवळीहून यवतमाळच्या रस्त्यानं निघा, वर्धा नदीचा पूल ओलांडा, की पलीकडं बंदी नाही. ज्याला प्यायची त्याला पूल काही लांब नाही. कायद्यानं दुकान बंद झालं, माणसाची सांज मात्र मोकळीच राहिली. वावरातून थकून आलेल्या, डोक्यावर कर्ज असलेल्या, घरात बोलायची चोरी झालेल्या माणसानं सात ते नऊ या दोन तासांत करायचं काय, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नसतो.

हा प्रश्न ज्यांनी ओळखला आणि त्यावर एका हातात मावेल एवढ्या वाद्यानं उपाय केला, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांचं चरित्र आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ते या बाजूनं फार कमी सांगितलं जातं, म्हणून हा खटाटोप.

शिंप्याचं काम करणाऱ्या घरातलं पोरगं

महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक. वडील बंडोजी इंगळे शिवणकाम करीत, आईचं नाव मंजुळाबाई. घरची परिस्थिती बेताची म्हणावी इतकीही बरी नव्हती. पोरगं दोन-तीन इयत्ता शिकलं न शिकलं, अन् शाळा सुटली. शाळेपेक्षा त्याचा जीव देवळात अधिक. कुठं भजन लागलं की हे तिथं जाऊन बसायचं, झील धरायचं, आणि हाती लागली की खंजिरी घ्यायचं.

वरखेडला आडकोजी महाराज होते. त्यांच्यापाशी हा मुलगा रमला. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा म्हणून की आणखी कशावरून, गुरूंनी त्याला तुकड्या म्हटलं, आणि माणिक हे नाव मागं पडलं. पुढं साऱ्या देशानं ज्याला महाराज म्हटलं, तो स्वतः मात्र आपल्या भजनाच्या शेवटी तुकड्या अशीच सही करीत राहिला.

गुरू गेले तेव्हा तो पोरसवदाच होता. आधार तुटला. पोरगं घरात टिकेना. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, चिमूरकडचं गोंदोडा, या रानावनांत ते भटकलं. चरित्रकार या काळाला साधना म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण एका बापानं किंवा एका आईनं याच गोष्टीकडं पाहिलं तर काय दिसेल? पोरकं झालेलं, शाळा सुटलेलं, कामधंद्यात लक्ष नसलेलं, रानात एकटं राहणारं एक पोरगं दिसेल. आज असं पोरगं आपल्या गावात असलं तर आपण त्याच्याबद्दल काय बोलतो, ते ज्याचं त्यानं आठवावं. त्या पोराच्या हाती त्या काळात काय होतं, तर एक खंजिरी आणि येणारं गाणं. रानातून ते परत आलं ते गातच आलं.

ज्या भागात ते फिरलं, तो मोहाचा मुलूख. चैत्रात मोहफुलं वेचायची, वाळवायची, खायची, विकायची. त्याच फुलांची दारूही निघते. आदिवासी पाड्यांवर सणाला पिणं वेगळं आणि रोज संध्याकाळी सावकाराच्या धास्तीनं पिणं वेगळं, हा फरक त्या पाड्यांत राहिलेल्याला कोणी शिकवावा लागत नाही. महाराजांच्या भजनांत दारू, गांजा, जुगार हे विषय पुन्हा पुन्हा येतात, त्याचं मूळ या भटकंतीत असावं असं मला वाटतं.

आपल्या वऱ्हाडाला हा विषय नवा नव्हताच. त्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला 1876 साली डेबूजी जन्मला, त्याचा बाप झिंगराजी दारूपायी गेला, आणि माय-लेकराला मामाच्या गावी दापुऱ्याला आसरा घ्यावा लागला. त्याच डेबूजीनं पुढं आपल्या लेकीच्या बारशाला जातीच्या रिवाजाची दारू-मटणाची पंगत मोडून गोडाचं जेवण घातलं. तेच गाडगेबाबा. त्यांनी कीर्तन हाती घेतलं, तुकडोजींनी खंजिरी. एकानं हजारो लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवलं, दुसऱ्यानं त्यांच्याच तोंडून ध्रुपद म्हणवलं. दोघांचीही हातोटी एकच. ऐकणाऱ्याला नुसतं ऐकू द्यायचं नाही, त्याला तोंड उघडायला लावायचं.

सेगावचा महिना

1935 साली सालबर्डीला महाराजांनी मोठा यज्ञ केला. लाखांनी माणूस लोटला. त्याच वर्षी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. जाता जाता सांगायचं तर, याच 1935 साली तिकडं अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पक्के दारुडे, एकमेकांसमोर बसले आणि एकमेकांच्या आधारानं पिणं सोडलं. त्यातून पिणाऱ्यांनी पिणाऱ्यांना सांभाळायची एक जगभरची चळवळ झाली. मोझरीला त्याचा पत्ता नव्हता, आणि ॲक्रनला खंजिरीचा. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखीच उमगली होती. एकट्यानं सुटत नाही.

पुढच्या वर्षी, म्हणजे 1936 मध्ये, महाराज आपल्या जिल्ह्यात आले. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला सेगावात राहायला आले. तेच आजचं सेवाग्राम. योगायोग असा की त्या दिवशी महाराजांना सत्ताविसावं वर्ष पूर्ण झालं. गांधीजींचं बोलावणं आलं आणि महाराज तिथं महिनाभर राहिले. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांची खंजिरी वाजली. तिथं ते सूतही कातायला शिकले.

सेगावच्या प्रार्थनेत एक शिस्त होती. घड्याळाच्या काट्यावर सुरू, उघड्या मैदानात, जमिनीवर, जात-धर्म न विचारता. गांधींनी वेळ पाळायला लावली, महाराजांनी त्या वेळेत सूर भरला. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची रीत तिथूनच उचलली असं मी म्हणणार नाही, ती त्यांच्या मनात आधीही असेल. पण पुढं गावोगाव जी प्रार्थना त्यांनी बसवली, तिच्यात आणि सेगावच्या प्रार्थनेत वेळेचा कडकपणा तोच दिसतो.

मग 1942 आलं. 16 ऑगस्टला आपल्या जिल्ह्यातलं आष्टी पेटलं, त्याच दिवशी तिकडं चिमूर पेटलं. महाराजांच्या भजनांनी माणसं उठली हे सरकारला ठाऊक होतं. ऑगस्ट संपायच्या आत त्यांना पकडलं, आणि काही महिने नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरीला घाबरून माणूस कोंडावा लागला, यापेक्षा त्या वाद्याला मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

सांजेची प्रार्थना

तुरुंगातून सुटल्यावर महाराजांनी जे काम घेतलं, ते या लेखाच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं. गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघू लागल्या. कार्यक्रम साधा. पहाटे उठून ध्यान, मग गल्ली झाडायची. दिवसभर आपापलं काम. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, मग भजन. समोर मूर्ती नाही, नुसतं आसन. पाटील अन् मजूर एकाच सतरंजीवर. बायाही बसायच्या, पोरंही.

या कार्यक्रमात दारूबंदीचं पोलीसखातं कुठंच नाही. पण वेळ बघा कोणती घेतली आहे. दारूची जी वेळ, तीच प्रार्थनेची. भट्टीवर काय मिळतं? चार माणसांची सोबत, गप्पा, थोडा विसर, आणि आपल्याला कोणी नाव ठेवत नाही ही खात्री. प्रार्थनेच्या ओट्यावरही हेच मिळालं पाहिजे, तरच माणूस तिकडून इकडं येईल. सोबत आहे, विसर आहे, आवाज सोडून गायला मोकळीक आहे. नाव ठेवणं मात्र तिथं असलं तर माणूस परत जातो. ही गोष्ट काही मंडळांना कळली, काहींना नाही.

खंजिरीची निवडही ध्यानात घेण्यासारखी आहे. मृदंग शिकायला वर्षं जातात, तबल्याला गुरू लागतो, पेटी विकत घ्यायला पैसे लागतात. खंजिरी म्हणजे एक लाकडी कडं, वर ताणलेलं कातडं, कडेला पितळी चकत्या. एका हातानं धरा, दुसऱ्यानं वाजवा. ज्याला तीही जमत नाही त्यानं टाळी वाजवावी. ज्याला टाळीही जमत नाही त्यानं झील धरावी. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याची लाज वाटून घरच्यांनी त्याला पंगतीत बसवणं सोडलं आहे, त्यालाही या मेळ्यात काम मिळतं. ध्रुपद आलं की त्याचा आवाज हवाच असतो. तो एक दिवस आला नाही तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं. माझ्या मते साऱ्या उपायाची मेख या विचारण्यात आहे.

महाराज स्वतः हे वाद्य घेऊन कुठं कुठं गेले! 1955 साली जपानमधल्या विश्वशांतीच्या परिषदेत त्यांची खंजिरी वाजली. राजेंद्रबाबूंनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. 1956 साली भारत साधु समाज निघाला तेव्हा ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1962 आणि 1965 च्या लढायांत ते जवानांना भजन ऐकवायला सीमेवर गेले. हे सगळं मोठं आहेच. पण आपल्या खेड्याच्या उपयोगाचं काम म्हणाल तर ते 'ग्रामगीता'. 1955 साली पुरी झालेल्या या ग्रंथात 41 अध्याय आहेत, आणि त्यात गावाची स्वच्छता, आरोग्य, लग्नं, यात्रा, शिक्षण या विषयांच्या बरोबरीनं 'भजन-प्रभाव' हाही एक वेगळा अध्याय आहे. गावाच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या माणसानं भजनाला करमणुकीच्या खात्यात टाकलं नाही. तसंच नुसत्या देवाच्या खात्यातही टाकलं नाही. भजन म्हणून झालं, ओटा सोडला, अन् बायकोला मारलं, तर ते भजन फुकट, असा त्यांचा रोख होता.

खंजिरीनं काय होतं, काय होत नाही

आता थोडं आजचं बोलू. संगीतानं व्यसन सुटतं का, याचा शास्त्रीय तपास जगात झाला आहे. 2022 साली 21 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात 1984 व्यसनी रुग्ण होते. नेहमीच्या उपचाराला तालीम घेतलेल्या माणसाकडून संगीताची जोड दिली, तर तल्लफ काही प्रमाणात कमी होते आणि सोडायची इच्छा वाढते, असं त्यात दिसलं. फार मोठा फरक नाही, पण आहे. उदासीनतेच्या आजाराबद्दलही 2017 च्या अशाच एका आढाव्यात, औषध-सल्ल्याच्या जोडीला संगीतोपचार असला तर काही काळापुरतं बरं वाटतं असं निघालं. दोन्ही ठिकाणी शब्द आहे जोड. आपलं भजन आणि दवाखान्यातला संगीतोपचार एक नाही, हेही कबूल. पण ताल धरून चार जणांनी एका श्वासात गाणं, हे दोन्हीकडं सारखंच.

म्हणून एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो, कारण यात जीव जातो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं भजनाच्या भरात किंवा माळ घालून एकाएकी दारू बंद केली, तर दोन-तीन दिवसांत त्याला थरथर सुटू शकते, फिट येऊ शकते, भ्रम होऊन तो असंबद्ध बडबडू शकतो. ही अंगात आलेली बाधा नव्हे. तो आजार आहे, आणि त्यावर दवाखान्यात औषध आहे. देवळीकरांना तर दवाखान्यासाठी फार लांब जायला नको. सेवाग्राम अन् सावंगी, दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि तिथं मानसोपचार विभाग आहेत. मनावर फार ओझं झालं, जीव द्यावासा वाटू लागला, तर सरकारचा 14416 हा टेलिमानसचा फोन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिले आठ-दहा दिवस डॉक्टरचे. त्यानंतरची जी लांबलचक वर्षं असतात, ज्यात रोज संध्याकाळी सात वाजता जीव वळवळतो, ती खंजिरीची.

आणि खंजिरीवाल्यांनाही दोन शब्द. भजनी मंडळात बसून तोंडात खर्रा धरणारे मी पाहिले आहेत. झील धरायची वेळ आली की बाहेर जाऊन पिंक टाकून येतात! पुण्यतिथीला कर्णा लावून रात्रभर स्पर्धा घेणारी मंडळं आहेत, त्यांच्या ओट्यावर बाकीचं वर्ष कुत्री झोपतात. आणि दारू सोडून आलेल्याकडं पाहून कुजबुजणारे तर सगळीकडंच. अशा ओट्यावर तो माणूस कितीदा येईल? दुसरीकडं अकोटचे सत्यपाल महाराज आहेत, सात खंजिऱ्या मांडून एकाच वेळी वाजवतात, हसवतात, आणि हसता हसता पिणाऱ्याला त्याचं घर दाखवतात. वाद्य अजून जिवंत आहे. अंदोरी, भिडी, विजयगोपाल, नाचणगाव, कुठंही जा, वाजवता येणारा म्हातारा निघेल. त्याच्याकडून शिकायला पोरगं बसलेलं आहे का, ते पाहावं.

शेवटचे दिवस

1968 साली महाराज आजारी पडले. कर्करोग होता. आयुष्यभर ज्या देहानं उन्हातान्हात गावं पालथी घातली, तो थकला. तीन हजारांहून अधिक भजनं, मराठी अन् हिंदी, मागं राहिली. 11 ऑक्टोबर 1968 ला मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. वय अवघं एकोणसाठ. 2005 साली नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. तिसरीच्या आसपास शाळा सुटलेल्या पोराचं.

दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला जनसागर लोटतो. आपल्या तालुक्यातूनही ट्रॅक्टर, जीप, दिंड्या निघतात. दुपारभर गजर चालू असतो, हजारो खंजिऱ्या वाजत असतात. मग 4 वाजून 58 मिनिटांनी, महाराज गेले त्या क्षणी, सगळं थांबतं. लाखो माणसं जिथल्या तिथं उभी राहतात. रस्त्यावरच्या गाड्या थांबतात. मांडीवरचं लेकरू तेवढं रडतं. थोड्या वेळानं ओट्यावरून कोणीतरी पहिली थाप देतं, आणि मावळतीची प्रार्थना सुरू होते.